लोखंडी फुप्फुस

पोलिओमुळे (बालपक्षाघातामुळे) श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णाचा श्वास चालू ठेवणारी हवाबंद टाकी. डोके बाहेर, गळ्याभोवती रबरी पट्टा व धड आत, अशी तिची रचना असते. टाकीतील दाब बाहेरच्यापेक्षा साधारण 10 ते 20 सेंमी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाच्या दाबाइतका उतरवला की छाती फुगून हवा आत येते. दाब पूर्ववत होताच छाती आपोआप बसते.

शोधाचे श्रेय सहसा हार्व्हर्डचे फिलिप ड्रिंकर व लुई ॲगॅसिझ शॉ यांना देतात (1928). टाकीची कल्पना मात्र निश्चितच जुनी आहे. अमेरिकेत अल्फ्रेड जोन्स यांनी 1864 मध्ये अशा पेटीचे एकस्व (पेटंट) घेतले होते आणि पॅरिसमध्ये व्वाये यांनी 1876 च्या सुमारास भात्यावर चालणारी टाकी दाखवली होती. 1931 मध्ये जॉन एमर्सन यांनी स्वस्त व सुटसुटीत यंत्र काढले, तेव्हा ड्रिंकर-हार्व्हर्ड पक्षाने त्यांच्यावर दावा लावला. एमर्सन यांनी हेच जुने दाखले पुढे केले व दावा फसला. ड्रिंकर यांचे खरे श्रेय वेगळे आहे: विजेच्या पंपाने दिवसेंदिवस नियमित श्वास देता येतो, हे त्यांनी रुग्णावर सिद्ध केले. ऑक्टोबर 1928 मध्ये बॉस्टनच्या बालरुग्णालयातील आठ वर्षांची मुलगी टाकीत ठेवताच सावरली. पुढे ती न्यूमोनियाने दगावली.

एमर्सन यांच्या टाकीत पायाकडचा चामडी पडदा मागेपुढे होई; वीज गेल्यास तो हातानेही ओढता येई. ऑस्ट्रेलियात एडवर्ड बोथ यांनी प्लायवूडची पेटी बनवली.

पट्टा सैल राहिला तर हवा गळून दाब उतरत नसे, घट्ट बसला तर मान सोलवटे. शुश्रूषेसाठी टाकी उघडली की श्वास थांबे. सर्वांत घातक अडचण गिळणेच बंद झालेल्या रुग्णांत येई. घशात साचलेली लाळ प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसात ओढली जाई. टाकी ती अडवू शकत नसे. पायथा उंच करून डोके खाली ठेवण्याचा उपाय अपुराच पडे.

डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या 1952 च्या पोलिओच्या साथीत पहिल्या काही आठवड्यांत श्वसनसाहाय्य लागलेल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. रक्तातील वाढलेले बायकार्बोनेट हे क्षाराधिक्य (रक्त जास्त अल्कधर्मी होणे) नसून साचलेल्या कार्बन डायऑक्साइडची खूण आहे, असे भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ओळखले. 27 ऑगस्ट रोजी त्यांनी बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनालाला छेद देववून फुग्याची नळी बसवली, लाळ शोषून काढली व रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलली. नळीभोवतीचा फुगा श्वासमार्ग बंद करत असल्याने लाळ आत उतरत नसे. यंत्रे पुरेशी नव्हती. सुमारे 1,500 विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने पिशव्या दाबल्या व मृत्युप्रमाण निम्म्याहून खाली आले.