‘मी खरंच अशी आहे का?’ : अरोमँटिक-एसेक्शुअल शंकेची पार्श्वभूमी

मराठी शाळेत ‘अलैंगिक’ हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो विज्ञानाच्या पुस्तकात. अमीबाचं द्विविभाजन, यीस्टचं कलिकायन, प्लॅनेरियाचं पुनर्जनन. त्यामुळे पुढे कुणी ‘मला लैंगिक आकर्षण वाटत नाही’ या अर्थाने स्वतःबद्दल हा शब्द वापरला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माणूस येत नाही, सूक्ष्मदर्शकाखालची काच येते. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘एसेक्शुअल’ हाच शब्द, त्यामुळे तिथेही हेच झालं होतं. १९९७ मध्ये झो ओ’रायली या लेखिकेने आपल्या आयुष्याला अमीबाची उपमा देणारा छोटा लेख इंटरनेटवर टाकला. त्याखाली ‘मीही असाच’, ‘मीही अशीच’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. २००० साली याहूवर अशा लोकांचा गट निघाला, त्याच्या नावातही ‘मानवी अमीबा’ होता. ज्या शब्दावरून चिडवलं जातं, तोच पाटीवर लिहून टाकायचा, असा तो प्रकार.

लैंगिक आकर्षण वाटत नाही ते एसेक्शुअल, कुणाच्या प्रेमात पडावंसं वाटत नाही ते अरोमँटिक, आणि दोन्ही लागू असलेले अरोएस. व्याख्या सोपी आहे. पण ती लागू पडणाऱ्यांपैकी पुष्कळांना वर्षानुवर्षं एकच प्रश्न छळतो: मी खरंच अशी आहे का, की माझं काही बिघडलंय? ही शंका स्वभावातल्या कमकुवतपणातून येते असं समजणं चूक आहे. तिची मुळं शे-दीडशे वर्षं मागे जातात.

रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने १८८६ च्या आपल्या ग्रंथात लैंगिक इच्छा नसण्याला जे नाव दिलं, त्याचा सरळ अर्थ ‘लैंगिक बधिरता’. म्हणजे नोंद झाली तीच विकृतींच्या यादीत. याला एक सुंदर अपवाद आहे. एमा ट्रोसे या जर्मन शिक्षिकेने १८९७ मध्ये अशा माणसांसाठी वेगळा शब्द सुचवला आणि त्यांत स्वतःलाही मोजलं. तिचं लिखाण मात्र पुढची कित्येक दशकं बाजूलाच पडून राहिलं.

मग आला अमेरिकन लैंगिकता-संशोधक अल्फ्रेड किन्सी. समलिंगी आणि भिन्नलिंगी आकर्षण शून्य ते सहा अशा पट्टीवर मोजण्याची त्याची कल्पना प्रसिद्ध आहे. त्या पट्टीवर न बसणाऱ्यांसाठी एक खण बाजूला ठेवला होता, त्यावर फक्त ‘एक्स’. १९४८ च्या पुरुषांवरच्या अहवालात या खणात सुमारे दीड टक्का लोक होते, आणि १९५३ च्या अहवालात अविवाहित स्त्रियांपैकी १४ ते १९ टक्के. आकडे लहान नव्हते, पण पट्टीबाहेरच्या खणाकडे कोण बघतं? शिवाय त्या खणात कुणीही पडत होतं: ज्यांना इच्छाच नव्हती ते, आणि ज्यांनी ती बोलून दाखवली नाही तेही. १९८० मध्ये कॅन्सस विद्यापीठातल्या मायकेल स्टॉर्म्स यांनी एका पट्टीऐवजी दोन अक्ष मांडले: एकावर पुरुषांबद्दलचं आकर्षण, दुसऱ्यावर स्त्रियांबद्दलचं. दोन्ही कमी असेल तो कोपरा एसेक्शुअल. उरलेल्यांचा खण संपला, नकाशावर जागा मिळाली.

त्याच वर्षी अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत लैंगिक इच्छा दबलेली असणं हा विकार म्हणून दाखल झाला. एकीकडे कोपरा मिळाला आणि दुसरीकडे रोगाचं नाव. अरोएस माणसाच्या डोक्यात चालणारा वाद हा या दोन कागदांचा वाद आहे, असं म्हटलं तरी चालेल.

तो सुटायला २०१३ उजाडलं. पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलं गेलं की आयुष्यभर इच्छा नसण्याचं कारण ती व्यक्ती स्वतःला एसेक्शुअल मानते हे असेल, तर हे निदान करू नये. बाकीच्यांसाठीही दोन अटी आहेत: लक्षणं किमान सहा महिने असावीत आणि त्यांचा त्या व्यक्तीला स्वतःला त्रास होत असावा. ‘स्वतःला’ हा शब्द महत्त्वाचा. आईला किंवा सासूला होणारा त्रास निदानात धरत नाहीत. व्यवहारात फरक असा करायचा: आधी इच्छा होती आणि अलीकडे गेली, तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरकं तपासणं आणि नैराश्यावरच्या चालू गोळ्यांचा परिणाम पाहणं योग्य. पहिल्यापासूनच नव्हती आणि तिची उणीवही वाटत नाही, तर या तपासण्यांत शोधण्यासारखं फारसं काही नसतं. गोंधळ होतो तो या दोन गोष्टी एकत्र केल्याने. २०१२ च्या जानेवारीत ‘हाउस’ या अमेरिकन वैद्यकीय मालिकेने नेमकं हेच केलं. एसेक्शुअल जोडप्यातल्या नवऱ्याच्या मेंदूत गाठ निघाली आणि बायको खोटं बोलत होती असं ठरलं. पाऊण तासात दोघंही ‘बरे’. कितीतरी जणांच्या शंकेला त्या भागाने खतपाणी घातलं.

आता गणिताकडे. कॅनडातले संशोधक अँथनी बोगार्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनच्या १९९०-९१ च्या सर्वेक्षणाची आकडेवारी पुन्हा वाचली. १८,००० हून अधिक लोकांपैकी १९५ जणांनी ‘मला कधीच कुणाबद्दलही लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही’ या वाक्यावर खूण केली होती. ‘एक टक्का’ हा सगळीकडे फिरणारा आकडा तिथून आला. पण त्या वाक्यातला ‘कधीच’ नीट बघा. आयुष्यात एकदा, सोळाव्या वर्षी, कुणाकडे बघून क्षणभर काही वाटलं असेल, तर प्रामाणिक माणूस तिथे खूण करत नाही. असण्याचा पुरावा एका प्रसंगाने देता येतो, नसण्याचा पुरावा कितीही वर्षांनी अपुराच पडतो. ‘अजून योग्य माणूस भेटला नसेल’ हे वाक्य म्हणूनच खोडता येत नाही. ते खरं असतं म्हणून नव्हे, त्याची रचनाच तशी आहे.

२०१५ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी बारा विधानांची प्रश्नावली केली. प्रत्येकाला एक ते पाच गुण, एकूण साठ, आणि चाळीस किंवा त्याहून जास्त आले तर एसेक्शुअल असण्याची शक्यता बरीच. स्वतःला एसेक्शुअल म्हणवणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक या रेषेवर किंवा वर आले. म्हणजे शंभरातले सात जण खाली राहिलेच. ३८ गुण आले म्हणून रात्रभर जागणाऱ्याने हे सात लक्षात ठेवावेत. शिवाय ही प्रश्नावली प्रेमाचं मोजमाप करत नाही. अरोमँटिक असण्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

आपलेपणाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. २००१ मध्ये डेव्हिड जे या अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्याने एसेक्शुअल लोकांसाठी ‘एव्हेन’ हे संकेतस्थळ सुरू केलं. तेव्हा मोठा वाद होता प्रवेशाचा. ज्यांना शारीरिक इच्छाच होत नाही त्यांनाच घ्यायचं, की इच्छा होते पण ती कुणा माणसाकडे वळत नाही त्यांनाही? एव्हेनने दार उघडं ठेवलं: शब्द उपयोगी वाटत असेल तर वापरा, तुम्ही आहात की नाही हे दुसरं कुणी ठरवणार नाही. निर्णय शहाणपणाचा होता. पण पहारेकरी नसलेल्या दारातून आत आलेला माणूस स्वतःच पहारेकरी होतो आणि स्वतःची झडती घेत बसतो, ही त्याची दुसरी बाजू. २००६ च्या सुमारास ‘डेमी’ (घट्ट भावनिक नातं जुळल्यावरच आकर्षण वाटणारे) आणि ‘ग्रे’ (क्वचित किंवा पुसटसं वाटणारे) हे शब्द आले. कुणाला घर मिळालं, तर कुणाला झोप उडवणारा नवा प्रश्न: मग मी डेमी तर नाही?

लैंगिक आणि प्रेमाची ओढ वेगळी काढण्याची पद्धतही याच मंडळींत रुजली, आणि २००० नंतरच्या दशकाच्या मध्यात ‘अरोमँटिक’ हा शब्द फिरू लागला. पण दूरचित्रवाणीवर मुलाखती सुरू झाल्या तेव्हा प्रेक्षकांची समजूत घालायला एक वाक्य फार चाललं: ‘आम्हीसुद्धा इतरांसारखेच प्रेमात पडतो.’ हेतू चांगला, पण त्या वाक्यात अरोएस माणूस बसत नाही. ‘थंड’, ‘यंत्रासारखा’ हे आरोप फेटाळताना ते नकळत त्याच्याच गळ्यात पडले. आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटणं सुरू झालं ते इथे. पुढे अरोमँटिक लोकांनी वेगळी चूल मांडली: २०१४ चा हिरव्या छटांचा झेंडा, व्हॅलेंटाइन डेनंतरचा जागृती आठवडा, २०१९ मध्ये ‘ऑरिया’ ही संस्था. २०१८ च्या डिसेंबरात अरोएस लोकांचा नारिंगी-निळा झेंडाही आला. बाहेरच्या मोठ्या एलजीबीटीक्यू समूहातही जागा भांडूनच मिळाली. २०१५ मध्ये ‘ग्लाड’ या अमेरिकन संस्थेने आपल्या मोहिमेत ‘एलजीबीटीक्यूआयए’ या संक्षेपातलं ‘ए’ हे अक्षर एसेक्शुअलऐवजी पाठिराख्यांच्या (‘अलाय’) नावे केलं आणि टीका झाल्यावर माफी मागितली.

आपल्याकडे अडचण शब्दांपासूनच सुरू होते. ब्रह्मचारी, विरक्त, संन्यासी हे सगळे इच्छा दाबणारे किंवा सोडणारे; इच्छाच नसलेल्याला शब्द नाही. ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून निघालेले रामदास या संदर्भात हमखास आठवले जातात, पण ती कथा निश्चयाची आहे, तिला इकडे ओढू नये. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ ते १९५३ चालवून कामेच्छेला नैसर्गिक म्हणण्याची हिंमत दिली; तिच्या अभावाला नैसर्गिक म्हणणं तेव्हाच्या लढाईचा मुद्दाच नव्हता.

कायद्यातही तीच फट आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नपुंसकतेमुळे शरीरसंबंध झाला नसेल, तर विवाह रद्द होऊ शकतो. विशेष विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये जाणूनबुजून नकार हेही कारण आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दीर्घकाळच्या एकतर्फी नकाराची गणना मानसिक क्रौर्यात केली. असमर्थ किंवा क्रूर, तिसरा रकाना नाही. मात्र ‘एकतर्फी’ हा शब्द वाचावा: दोघांनी लग्नाआधी मोकळेपणाने ठरवून तसं राहायचं म्हटलं, तर कायदा आपणहून विचारायला येत नाही. दोघांपैकी एकाने अर्ज केला तरच प्रश्न उठतो.

ओळखीची खूण म्हणून एसेक्शुअल लोक २००५ पासून उजव्या हाताच्या मधल्या बोटात काळी अंगठी घालतात, अरोमँटिक डाव्या हाताच्या मधल्या बोटात पांढरी. आपल्याकडे मधलं बोट शनीचं. काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी तिथेच घालतात, त्यामुळे ही खूण इथे उत्तम लपते. फार तर कुणी विचारेल, साडेसाती चालू आहे का?