पितळेची पुंगळी पुन्हा मापात

गोळी सुटल्यावर सगळ्यांचं लक्ष तिच्यामागे जातं. खरी कसरत झालेली असते ती मागे राहिलेल्या पितळी पुंगळीची, म्हणजे काडतुसात दारू आणि गोळी धरून ठेवणाऱ्या नळीची. ९ मिमी पिस्तुलाच्या काडतुसात क्षणभर वातावरणाच्या दोन हजार पटींहून जास्त दाब उसळतो. पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीच्या, भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे तप्त वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे, येत नाही. दाब ओसरताच ती किंचित आक्रसते, म्हणून सहज बाहेर निघते.

हे दुहेरी काम करायला पितळच का? काडतुसाच्या पितळेत ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. तितकाच ताण दिला तर हे पितळ पोलादाच्या जवळजवळ दुप्पट ताणलं जातं आणि ताण काढल्यावर तितकंच मागे येतं. साधारण ९.७ मिमी व्यासाच्या पुंगळीत ही माघार मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच असते, पण सुटायला तेवढी फट पुरते.

मात्र ती पूर्णपणे मूळ मापावर येत नाही. फुगवटा थोडा का होईना, कायमचा राहतो, आणि पुंगळी ज्या पिस्तुलात वापरली त्याच्या चेंबरच्या मापावर तो ठरतो. अमेरिकेत घरच्या गॅरेजात वापरलेली काडतुसं पुन्हा भरणं हा रूढ छंद आहे (आपल्याकडे शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय तसं करता येत नाही). तिथला छंदिष्ट सगळ्यात आधी पुंगळी डायमध्ये, म्हणजे नेमक्या मापाचं भोक असलेल्या साच्यात, दाबून मापात आणतो. ती पुन्हा चेंबरमध्ये बसावी हे एक कारण. दुसरं जास्त गंभीर: पुंगळीच्या तोंडाची गोळीवर पकड हवी. पकड सैल असेल तर काडतूस मॅगझिनमधून वर सरकताना गोळी ठेचकाळून आत दबते. आतली जागा घटते आणि बार उडताना दाब धोकादायकरीत्या चढतो.

दाबतानाही पितळेची जुनी खोड आडवी येते. डायमधून सुटताच पुंगळी पुन्हा जराशी फुलते, म्हणून डायचं भोक हव्या असलेल्या मापापेक्षा बारीक ठेवावं लागतं. पोलादी डायला कोरडं पितळ चिकटतं आणि पुंगळीवर ओरखडे उमटतात, त्यामुळे तिथे वंगण लागतंच. टंगस्टन कार्बाइडचं कडं बसवलेली डाय इतकी कठीण आणि गुळगुळीत असते की सरळ भिंतीच्या पुंगळ्या वंगणाशिवाय जातात. ९ मिमीची पुंगळी मात्र बुडाशी ९.९३ आणि तोंडाशी ९.६५ मिमी, म्हणजे थोडी निमुळती. अरुंद कड्यातून गेल्यावर तिचा उतार पुसला जातो आणि गोळी बसवली की खाली कंबर दिसू लागते. दिसायला विचित्र, पण चालून जातं. बुडाजवळच्या शेवटच्या पट्ट्यापर्यंत डाय पोचतच नाही.

फुगणं, दबणं, गोळीसाठी तोंड उमलवणं, पुन्हा आवळणं: दर फेरीत पितळ कडक होत जातं. धातूच्या स्फटिकांतल्या अणूंच्या रांगांत विस्थापनं नावाचे दोष असतात. ते सरकतात म्हणून धातू वाकतो, हे १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे मांडलं. ठोकाठोक वाढली की हे दोष एकमेकांत गुंततात आणि सरकणं अवघड होतं. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर हेच हातानं ओळखतो: भांडं ठोकून ताठर झालं की ते भट्टीत तापवून मऊ करायचं. रायफलच्या पुंगळ्यांची मानही तशीच तापवतात, पण बूड कधीच नाही. चेंबरचा पुरता आधार नसलेलं बूड मऊ पडलं तर दाब पेलणार कोण? पिस्तुलाच्या पुंगळ्यांसाठी एवढा खटाटोप सहसा कोणी करत नाही. तोंडाशी उभी चीर पडली की पुंगळी भंगारात जाते. त्यातल्या कित्येक तर त्याआधीच गवतात हरवतात.

ताठर पितळेत ताण कोंडलेला असतो, आणि त्याचा फटका ब्रिटिश लष्कराला भारतातच बसला होता. पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न वापरताच तडकत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेत दडलेला ताण अशा तिघांची ती करामत होती. पुढे कारखान्यात पुंगळ्या हलक्या आचेवर तापवून आतला ताण सैल करण्याची पद्धत पडली. घरी मापात आणलेल्या पुंगळीत मात्र नवा ताण शिरलेला असतो. म्हणूनच जाणकार तिला अमोनियाचं पॉलिश लावत नाहीत, अक्रोडाच्या टरफलांच्या भरडीत घोळवून साफ करतात.