क्ष-किरण अनुस्फुरण वर्णपटविज्ञान : धातुपृष्ठांचा अभ्यास

पदार्थावर क्ष-किरणांचा मारा केला की त्यातील प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकते; हेच अनुस्फुरण. ते मोजून मूलद्रव्ये ओळखण्याची व त्यांचे प्रमाण काढण्याची ही पद्धत. नमुना कापावा, विरघळवावा वा वितळवावा लागत नसल्यामुळे दागिने, नाणी व मूर्ती यांसाठी ती सोयीची. मुंबईच्या झवेरी बाजारात तिचे उपकरण ‘कॅरेट मशीन’ म्हणून परिचित आहे.

अणूच्या आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन निखळला की बाहेरच्या कवचातला त्या जागी येतो व ऊर्जेतला फरक क्ष-किरणरूपाने सुटतो. सर्वांत आतल्या कवचातली जागा भरताना मिळते ती के-रेषा, त्याच्या बाहेरच्या कवचातली ती एल-रेषा. तांब्याची मुख्य के-रेषा 8.05 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला (हे ऊर्जेचे एकक; पुढे रेषांचे आकडे याच एककात), सोन्याची एल-रेषा 9.71 ला मिळते.

पद्धतीचा उगम कोणाकडे द्यावा, याबद्दल एकमत नाही. पुष्कळ पाठ्यपुस्तके हेन्री मोझली यांच्या 1913 च्या प्रयोगांपासून सुरुवात करतात. रेषेच्या कंप्रतेचे वर्गमूळ अणुक्रमांकाशी सरळ रेषेत वाढते, हे त्यांनी दाखवले. जस्ताऐवजी त्यांनी पितळ वापरले आणि छायाचित्रात तांबे व जस्त दोहोंच्या रेषा शेजारी शेजारी उमटल्या. मिश्रधातूचे विश्लेषण तिथेच झाले, असे म्हणता येईल. मात्र मोझली नमुन्यावर इलेक्ट्रॉन आदळवत होते. काटेकोर अर्थाने ते अनुस्फुरण नव्हे. क्ष-किरणांनीच क्ष-किरण उठवण्याचे काम त्याआधी चार्ल्स बार्क्ला यांनी केले होते. के व एल ही अक्षरे त्यांचीच. आधी त्यांनी ए व बी वापरली होती, पण या मालिकांच्या अलीकडे-पलीकडे आणखी मालिका सापडतील म्हणून जागा राखली. रासायनिक विश्लेषणाची पद्धत म्हणून अनुस्फुरणाचा पद्धतशीर वापर साधारणपणे ग्लोकर व श्रायबर यांच्या 1928 च्या निबंधापासून धरला जातो आणि तेच अधिक सयुक्तिक वाटते. व्यवहारातले उपकरण मात्र फ्रीडमन व बर्क्स यांच्या 1948 च्या कामानंतरचे.

धातूंच्या बाबतीत कळीचा प्रश्न खोलीचा. सोन्याची एल-रेषा सोन्यातूनच बाहेर पडताना इतकी शोषली जाते की मिळणारी माहिती वरच्या सुमारे 10 मायक्रोमीटरमधलीच असते. त्यातच सोनार दागिना तापवून आम्लात उजळतो तेव्हा पृष्ठावरचे तांबे निघून जाते व वरचा थर आतल्यापेक्षा चोख दिसतो. जुन्या नाण्यांतही हेच घडते. सोन्यात मिसळलेल्या चांदीच्या दोन रेषांची तुलना करून यावर थोडी मात करता येते : 22.2 ची के-रेषा सोन्यात काही मायक्रोमीटर खोलवरून येते, तर 2.98 ची एल-रेषा एका मायक्रोमीटरपेक्षा पातळ थरातूनच. दोघींवरून काढलेली प्रमाणे जुळली नाहीत, तर पृष्ठ आणि गाभा वेगळे आहेत असे समजावे. (हवेतल्या आरगॉनची रेषा 2.96 ला पडते, ही या युक्तीतली नेहमीची पीडा.)

आर्सेनिकची के-रेषा (10.54) व शिशाची एल-रेषा (10.55) जवळजवळ एकमेकींवर पडतात, म्हणून शिसे असलेल्या कांस्यात आर्सेनिक मोजणे अवघड. महाराष्ट्रातील दायमाबाद या प्राचीन वसाहतीच्या ठिकाणी 1974 मध्ये मिळालेल्या कांस्यशिल्पांच्या कालनिर्णयात आर्सेनिकला महत्त्व आले. पुरातत्त्वज्ञ धवलीकरांसह अनेकांनी ती उत्तर-हडप्पा काळातील मानली, तर 1 टक्क्याहून अधिक आर्सेनिकच्या आधारे डी. पी. अगरवाल यांनी ती ऐतिहासिक काळातली असावीत असे सुचवले. ओतकामात आर्सेनिक पृष्ठाकडे सरकू शकते, त्यामुळे केवळ पृष्ठमापनावर असा निर्णय टाकणे धोक्याचे. उत्खननाचा पुरावा जास्त भरवशाचा मानावा.

झवेरी बाजारात पूर्वी कसोटीवर कस ओढून त्यावर तेजाबाचा थेंब टाकत. आता बांगडी यंत्राच्या खिडकीवर ठेवतात, पडद्यावरील फुली डाक दिलेल्या सांध्यावर येणार नाही असे पाहतात आणि अर्ध्या-एक मिनिटात टंच (शुद्धता) वाचतात. फुली सांध्यावर गेली तर आकडा घसरतो. जुन्या केडीएम, म्हणजे कॅडमियम मिसळलेल्या, डाकेत कॅडमियमची रेषाही दिसते. 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झालेल्या हॉलमार्किंगमध्ये (शुद्धतेचा अधिकृत शिक्का) ही तपासणी प्राथमिक असते. 916 (हजारात 916 भाग सोने) सारख्या शुद्धतेचा अंतिम आधार म्हणजे खरवडलेला नमुना शिशाबरोबर सच्छिद्र मुशीत तापवून, मग चांदी नायट्रिक आम्लात काढून, उरलेले सोने तोलणे.

इरिडियम व रुथेनियमच्या भेसळीत मात्र पारडे उलटते. हे धातू नायट्रिक आम्लात विरघळत नाहीत, म्हणून मुशीची परीक्षा त्यांना सोन्यातच धरते. क्ष-किरणांना इरिडियमची रेषा 9.18 ला वेगळी दिसू शकते. जुन्या वायुभरित शोधकाच्या (क्ष-किरण टिपणाऱ्या भागाच्या) यंत्रात ती सोन्याच्या रेषेत मिसळून जाते. सिलिकॉन शोधकात ती सुटी होते, पण यंत्राच्या यादीत इरिडियम घातलेले असले तरच.