कळलावी (ग्लोरिओसा प्रजाती)

आशिया व आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांतील कंदयुक्त, फुलणाऱ्या वेलींची प्रजाती. १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने तिचे नामकरण केले. पूर्वी ती पलांडू (लिलिएसी) कुलात गणली जाई, आता कोल्चिकेसी कुलात ठेवतात. एकूण सुमारे दहा-बारा जाती असून भारतात सर्वत्र आढळते ती ग्लोरिओसा सुपर्बा. अग्निशिखा, लांगली आणि खड्यानाग ही तिचीच नावे.

खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी, तोरणमाळ-यावलच्या पानगळी रानात आणि गौताळ्याच्या डोंगरउतारावर ही वेल बोर-बाभळीच्या झुडपांवर चढते. उन्हाळ्यात जमिनीवर तिचा मागमूस नसतो. मृगाच्या पावसाने कंदातून कोंब वर येतो आणि श्रावणातल्या कानबाईच्या रोटांच्या सणापासून पोळ्यापर्यंत बांधाची कुंपणे तिच्या फुलांनी पेटल्यासारखी दिसतात. या कोरडवाहू मुलखातले इतके देखणे रानफूल दुसरे क्वचितच असेल.

तिची चढण्याची युक्ती पाहण्याजोगी आहे. खोडाला वेगळे ताणे नसतात; पानाचे टोकच लांबून वळते आणि आधाराला गुंडाळते. फुलाच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या, कडा लाटांसारख्या. रंग हिरवट पिवळ्यापासून सुरू होऊन टोकाकडून लाल होत जातो, शेवटी सगळे फूल गडद लाल होते. परागधानी असलेले सहा पुंकेसर बाहेर फाकलेले असतात आणि कुक्षिवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) एका बाजूला जवळजवळ काटकोनात वाकलेला असतो. फुलावर येणाऱ्या मोठ्या फुलपाखरांच्या पंखांना पराग लागतो. पिकलेले बोंड फुटले की लालचुटुक बिया दिसतात.

कंद नांगरासारखा दुहेरी असतो. कोंब त्याच्या टोकाशी असतो आणि ते टोक मोडले तर तो भाग उगवत नाही. सर्व भागांत कोल्चिसिन हे विषारी अल्कलॉइड असते, कंदात व बियांत विशेष. रताळे किंवा रानकंद समजून तो खाल्ल्यास उलट्या, जुलाब होतात, पुढे केस गळतात आणि मृत्यूही येऊ शकतो. रानातले कंद उकडून खाण्याची रीत असलेल्या भागांत पोरांना ही वेल आधी ओळखायला शिकवलीच पाहिजे. आयुर्वेदात तिची गणना उपविषांत (सौम्य विषांत) होते आणि शोधनाशिवाय, म्हणजे शुद्ध केल्याशिवाय, ती वापरत नाहीत. प्रसूतीत कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप लावण्याची जुनी प्रथा आहे. घरगुती प्रयोग म्हणून ती धोक्याचीच.

कोल्चिसिन पेशीविभाजन थांबवते. त्यामुळे गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी वनस्पतिप्रजननात ते वापरतात. बिनबियांच्या कलिंगडाच्या जाती तयार करण्यातही त्याचा उपयोग झाला. गाउट या सांधेदुखीवर ते अत्यल्प मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते.

ही वेल झिम्बाब्वेचे राष्ट्रीय फूल व तमिळनाडूचे राज्यफूल आहे. तमिळनाडूत तिची शेती होते ती मुख्यतः बियांसाठी. कोल्चिसिन बियांतूनही मिळते, म्हणून कंद खणण्याची गरज उरत नाही. रानातला कंद खणला की ती जागा मोकळीच राहते, कारण बीपासून आलेल्या रोपाला फुलायला काही वर्षे लागतात. सातपुड्यातही वेल जागेवर ठेवून बोंडे तेवढी तोडणे शक्य आहे, मात्र काही बोंडे रानात पिकून फुटू द्यावी लागतात.