पार्श्वभूमी: शेजाऱ्याला ओटीपी येतो, आपल्याला का येत नाही?

ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणीची सक्ती ऑगस्ट 2009 मध्ये झाली. सुरुवातीला कायमचा पासवर्डही चालायचा, पुढे ओटीपीने त्याची जागा घेतली. नको त्या जाहिरातींना आळा घालणाऱ्या डीएनडीचे (‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे जाहिराती नकोत अशी नोंद) कडक नियम 27 सप्टेंबर 2011 पासून आले. डीएनडी क्रमांकावर जाहिरात जाणार नाही, ट्रान्झॅक्शनल, म्हणजे व्यवहाराचा संदेश मात्र जाईल, असा साधा हिशोब.

घोळ वर्गवारीत आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या 2018 च्या नियमांनंतर डीएलटी पोर्टलवर (कंपन्यांनी आपल्या संदेशांचे मजकूर आधी नोंदवायची जागा) ‘ट्रान्झॅक्शनल’ हा वर्ग बँकांच्या ओटीपीपुरताच उरला. दुकान, टॅक्सी किंवा गॅस बुकिंगचा ओटीपी ‘सर्व्हिस इम्प्लिसिट’मध्ये, म्हणजे ग्राहकाने घेतलेल्या सेवेच्या संदेशांत टाकावा लागतो. पाठवणाऱ्याने तो चुकून ‘प्रमोशनल’, म्हणजे जाहिरातींच्या वर्गात नोंदवला, की डीएनडी असलेल्या क्रमांकावर अडतो आणि शेजाऱ्याच्या फोनवर बिनबोभाट पोचतो. कस्टमर केअर मग ग्राहकालाच डीएनडी काढायला सांगते. चूक पाठवणाऱ्याची, भुर्दंड ग्राहकाला!

याच व्यवस्थेने 8 मार्च 2021 ला देशभर हात टेकले. नोंदवलेल्या मजकुराशी न जुळणारा संदेश थेट गाळायला त्या दिवशी सुरुवात झाली. ज्येष्ठांच्या कोविड लसीकरणाची नोंदणी नुकतीच सुरू झालेली, आणि तिचे ओटीपी, बँकांचे ओटीपी, सगळेच अडकले. दुसऱ्याच दिवशी नियामकाने ही गाळणी सात दिवस थांबवली. कंपन्यांना पुरेसा अवधी दिला होता, ही नियामकाची बाजू. त्याच्या महिनाभर आधी न्यायालयानेही कडक अंमलबजावणीचे आदेश दिले होते. ते खरेच. पण टेम्प्लेट (संदेशाचा ठरलेला मजकूर) नोंदवायचे राहिले ते कंपन्यांचे, आणि व्यवहार खोळंबले ते लोकांचे. आधी नुसता इशारा, मग गाळणी, असा टप्पा ठेवता आला असता.

बाकी कारणे तुलनेने सरळ आहेत. सिम बदलल्यावर 24 तास एसएमएस बंद राहतात. सिम-स्वॅप करून, म्हणजे दुसऱ्याच्या क्रमांकाचे नवे सिम काढून खाती रिकामी करणाऱ्यांसाठी लावलेला हा अडसर आहे. 2018 च्या अखेरीस किमान रिचार्जची अट आली, तेव्हापासून वैधता संपून काही दिवस गेले की इनकमिंगही थांबते.

परदेशी क्रमांकांना तर अनेक भारतीय सेवा ओटीपी पाठवतच नाहीत. म्हणून दुबई-लंडनमधली कितीतरी मराठी घरे भारतातले सिम निव्वळ ओटीपीसाठी रिचार्ज करत राहतात. 2023 मध्ये दहा देशांतल्या क्रमांकांना यूपीआय खुले झाले, तेही एनआरई-एनआरओ, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या खात्यांपुरतेच.