टेम्प फाइल्स आणि कॅशे: दोन्ही एकाच झाडूने झाडू नका

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की दोन सल्ले हमखास मिळतात: 'टेम्प उडव' आणि 'कॅशे क्लिअर कर'. ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात आणि तो दिसेल ते डिलीट करत सुटतो. पण टेम्प उडवून मिळालेली जागा बऱ्यापैकी टिकते. कॅशेची जागा मात्र वापर सुरू झाला की पुन्हा भरते, आणि तोवर सगळं आधीपेक्षा रेंगाळत उघडतं.

टेम्प फाइल म्हणजे बांधकामाची परांची. प्रोग्राम इन्स्टॉल होताना सेटअप आपलं सामान आधी टेम्प फोल्डरमध्ये सोडतो, तिथून ते जागच्या जागी लावतो. काम उरकल्यावर उरलेलं त्यानेच पुसावं अशी अपेक्षा असते. पण मध्येच वीज गेली, प्रोग्राम हँग झाला किंवा तो लिहिणाऱ्यानेच आळस केला, तर ते सामान तसंच पडून राहतं. विंडोजमध्ये नुसतं रीस्टार्ट करून हा फोल्डर रिकामा होत नाही. अनेक लिनक्समध्ये होतो, म्हणून तिकडून आलेले लोक इथे निर्धास्त राहतात.

कॅशे मात्र मुद्दाम जपलेला असतो. एखाद्या साइटचा लोगो, चित्रं, स्क्रिप्ट दर वेळी नेटवरून ओढायला नकोत म्हणून ब्राउझर त्यांच्या प्रती ठेवतो. फोटोंच्या फोल्डरमध्ये दिसणारी छोटी चित्रं, म्हणजे थंबनेल्स, विंडोज एकदाच बनवून साठवतं. हे पुसलं तर तुमचं काही हरवत नाही, फक्त तेच काम पुन्हा करावं लागतं. म्हणून निव्वळ जागेसाठी कॅशे पुसण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. काही बिघडलं तर जरूर पुसावा: साइट बदलली तरी जुनंच पान दिसतंय, किंवा थंबनेल एका फोटोचं आणि उघडतो दुसराच.

ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबलं की जी यादी येते, तिच्यात कॅशेच्या शेजारीच कुकीज (तुम्ही लॉगिन केलंय हे साइटला ओळखू देणाऱ्या छोट्या नोंदी) आणि हिस्टरी असतात. कॅशे पुसल्याने कुठलं लॉगिन जात नाही. कुकीज पुसल्या की बहुतेक साइट्समधून बाहेर पडता. 'कॅशे क्लिअर केला आणि सगळे पासवर्ड विचारायला लागला' ही तक्रार जवळपास नेहमी त्या दुसऱ्या टिकमार्कची असते.

टेम्प बिनधास्त उडवावं, पण एक मेख आहे. झिप एक्स्ट्रॅक्ट न करता आतल्या एक्सेल शीटवर डबल-क्लिक केलं, किंवा मेलच्या प्रोग्राममधून अटॅचमेंट थेट उघडली, की बहुतेक वेळा तिची प्रत अशाच एखाद्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये निघते. तिच्यात तासभर आकडे भरून नुसतं सेव्ह दाबलं, तर ते काम तिथेच राहू शकतं आणि पुढच्या साफसफाईत जातं. उघडल्या उघडल्या 'सेव्ह अ‍ॅज' करून फाइल आपल्या फोल्डरमध्ये आणा.

साफ करण्यापूर्वी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, कारण काही सेटअप अर्धं काम रीस्टार्टनंतर करतात. विंडोजचं साफसफाईचं जुनं साधन, डिस्क क्लीनअप, तर आठवड्याच्या आतल्या टेम्प फाइल्सना हातच लावत नसे. मग विंडोजचं बटण आणि आर दाबून, दोन टक्के-चिन्हांच्या मध्ये इंग्रजीत टेम्प टाइप करा. फोल्डर उघडला की सगळं सिलेक्ट करून डिलीट. 'फाइल वापरात आहे' असं आलं तर स्किप करा, जबरदस्ती नको.

हे हाताने करायचं नसेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात स्टोरेज, त्यात टेम्पररी फाइल्स. गंमत म्हणजे या यादीत टेम्प आणि थंबनेल्स एकत्रच असतात, आणि त्यांच्या पंगतीला डाउनलोड्सही बसलेलं असतं, जे टेम्पही नाही आणि कॅशेही नाही. 2018 च्या ऑक्टोबर अपडेटमध्ये विंडोज 10 ने डाउनलोड्स डिस्क क्लीनअपच्या यादीतही घातलं होतं. 2020 मध्ये तिथून काढलं, सेटिंग्जमध्ये मात्र ते आहे. त्यावर मुळात टिक नसते, ती तशीच राहू द्या. थंबनेल्सवर टिक असेल तर मी ती काढतो आणि मगच रिमूव्ह दाबतो.