ड्रमचे धातुभाग : सफाई व संरक्षण

जुन्या ड्रमसंचाचे रिम (पडदा दाबून धरणारे कडे), लग (शेलवरचे, म्हणजे ड्रमच्या नळकांड्यावरचे, रॉड अडकवायचे भाग), टेन्शन रॉड (पडदा ताणणारे लांब स्क्रू), स्नेअरचा (खाली तारा असलेल्या लहान ड्रमचा) थ्रो-ऑफ, म्हणजे त्या तारा लावायचा-सोडायचा खटका, बास ड्रमचे पाय, स्टँड आणि पेडल या धातूच्या भागांवरची मळी व गंज काढणे आणि तो पुन्हा चढू नये म्हणून निगा राखणे. मुंबईत असे संच मुख्यतः हॉटेलांतल्या जॅझ बँडमधून आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून पुढे आले. तालवादक कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बुजी ही त्या परंपरेतली ठळक नावे. आयात परवान्यांच्या काळात सुटे भाग सहज मिळत नसत. त्यामुळे आहे तेच घासूनपुसून वापरायची सवय पडली, आणि बऱ्याच ड्रमचे नुकसान गंजापेक्षा या घासण्यानेच जास्त झाले आहे.

गंज क्रोमला येत नाही, क्रोमखालच्या पोलादाला येतो. शोभेच्या क्रोमचा थर सहसा अर्ध्या मायक्रॉनहूनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे व भेगा असतात. खरे संरक्षण त्याच्याखालचा, कित्येक पट जाड निकेलचा थर करतो. हा थर जिथे तुटतो तिथून पाणी आणि मीठ आत शिरते. मिठाला हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की पाणी सुटते. मुंबईत जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक काळ त्याहून जास्तच असते. म्हणूनच वरळी-वांद्र्याच्या किनाऱ्याजवळच्या घरात उघडा ठेवलेला स्टँड एका पावसाळ्यात तांबूस ठिपक्यांनी भरतो. वादकाच्या घामातही मीठच असते.

काहीही लावण्याआधी भाग कशाचा आहे ते ओळखावे. पांढऱ्या कागदाशेजारी धरल्यावर क्रोम निळसर दिसते, निकेल किंचित पिवळट. लोहचुंबक चिकटला तर आत पोलाद आहे. न चिकटल्यास पितळ, ॲल्युमिनियम किंवा जस्ताचे ओतीव मिश्रधातू. लग बहुधा या ओतीव जस्ताचेच असतात. त्यांच्यावर पांढरी भुकटी किंवा फोड दिसले तर धातू आतून खाल्ला गेला आहे. तो कोणत्याही औषधाने परत येत नाही. अमेरिकी लुडविग कंपनीच्या 400 मालिकेतल्या स्नेअरच्या क्रोम चढवलेल्या ॲल्युमिनियम शेलवर पडणारे खड्डेही असेच. ते घासू नयेत, मेण लावून थांबवावेत.

ड्रम खोलताना रॉड समोरासमोरच्या जोडीने, दर वेळी अर्धा फेरा असे सैल करावेत. चौदा इंची, दहा लगच्या स्नेअरला वरचे-खालचे मिळून 20 रॉड असतात. पुठ्ठ्यावर घड्याळासारखी भोके पाडून प्रत्येक रॉड आपल्या जागी खोचून ठेवला तर परत जोडताना गोंधळ होत नाही. जुन्या अमेरिकी रॉडला बहुधा इंचाला 24 आटे असतात. वेगळ्या देशांतल्या ड्रमचे आटे एकमेकांत बसतीलच असे नाही. अडकलेल्या रॉडवर भेदक तेल (आट्यांत झिरपणारे पातळ तेल) मारून तो 24 तास ठेवावा, मग ड्रम-कीने (रॉड फिरवायच्या चावीने) पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे करत सोडवावा. पक्कड लावून जोर केला की रॉडऐवजी लग तडकतो.

लग शेलला आतून स्क्रूने धरलेला असतो. त्याच्या पोटात स्प्रिंग आणि फिरता नट असतो. ही स्प्रिंग वाजताना झणझणते, म्हणून पूर्वीच्या मालकांनी तिथे कापूस किंवा नमदा कोंबलेला सापडतो. तो काढून टाकावा, कारण ओलसर कापूस बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या लगचा नट आतून सडवतो. मळी काढायला कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि जुना टूथब्रश पुरतो. गोंद किंवा चिकट वंगण असेल तर फडक्यावर थोडे रॉकेल घ्यावे, नंतर साबणाने धुवावे.

गंजलेले पोलादी रॉड, वॉशर आणि स्क्रू सायट्रिक ॲसिडमध्ये भिजवता येतात. एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम (किराणा दुकानात लिंबूफूल मागितले तरी चालते). दर 20 मिनिटांनी काढून ब्रशने घासून पाहावे. दीड-दोन तासांत काम होते. रात्रभर ठेवल्यास ॲसिड थराच्या कडेखाली शिरून क्रोम उचलते. बाहेर काढल्यावर लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात बुडवावे, धुवावे आणि लगेच हेअर ड्रायरने सुकवावे. हवेत नुसते ठेवले तर काही मिनिटांतच नवा तांबूस पापुद्रा येतो, आणि मग औषधाला दोष दिला जातो. जस्ताचे लग आणि ॲल्युमिनियम या पाण्यात कधीही घालू नयेत. पेडलच्या कडक स्प्रिंगही नकोत. ॲसिडमधल्या हायड्रोजनने त्या ठिसूळ होऊन पुढे तुटू शकतात.

क्रोमच्या पोलादी रिमवरचे ठिपके स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या गोळ्याने, पाणी लावत हलक्या हाताने निघतात. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते. राखाडी चिखल दिसू लागला की पुसून पाहावे. निकेलवर मात्र हे करू नये. त्याला बारीक पॉलिशची क्रीम आणि कापसाचा बोळा, तोही मोजून. कडेला पितळेचा पिवळा रंग डोकावला की थांबायचे, कारण तिथे निकेल संपले आहे. चिंच, राख आणि भांड्यांची पावडर तांब्याच्या ताशाला लखलखवते, पण तीच सवय निकेलच्या रिमवर नेली की दोन गणपतींत थर साफ होतो.

पुन्हा क्रोम चढवणे हा शेवटचा उपाय, आणि बहुधा वाईट. बफिंगमध्ये कडा गोल होतात, ठसे व शिक्के पुसले जातात. जुना थर उतरवायच्या ॲसिडमध्ये जस्ताचे लग खराब होतात. आट्यांत थर बसला तर रॉड जात नाही.

सफाईनंतर बाहेरच्या भागांना गाडीचे मेण अगदी पातळ लावावे, दहा मिनिटांनी मऊ फडक्याने उजळावे. आट्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब पुरतो. जास्त तेलावर धूळ बसून मळी तयार होते. मेणाचा हात मे अखेरीस द्यावा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर कोरड्या फडक्याने पुसावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, आत ओल कोंडते. केसमध्ये सिलिका जेल ठेवावे आणि रंग बदलला की सुमारे 120 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरावे.

वातानुकूलित तालीमखोलीतून ड्रम बाहेर काढताना आणखी एक गोष्ट. बाहेर 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतल्या बाष्पाचे पाणी होते ते, 27 अंशांच्या आसपास असतो, आणि 22 अंशांचा रिम उघडताच घामाघूम होतो. केस बंदच ठेवून तासभर थांबावे, मग झाकण उघडावे.